वाचनघरातल्या बाईंची मुलगी

बसच्या कपाळावरची पाटी तिला वाचता आली नाही, तेव्हा आधी तिला वाटलं, चष्म्यावर वाफ धरली असेल. तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. पाटी तिथंच होती. पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरं, वरची रेघ सरळ, रेघेखाली काने, वेलांट्या, गाठी सगळं जागच्या जागी. पण त्यातून काही म्हणजे काही निघत नव्हतं. दोरीवर दुसऱ्या कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले असावेत आणि आपण खालून जाताना उगाच वर बघावं, तसं ते दिसत होतं. गंमत म्हणजे बसचा आकडा कळत होता. ड्रायव्हरच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं, काचेवरचा किडा दिसत होता. रांगेतला एक गृहस्थ खांद्याला खांदा लावून पुढं सरकला तेव्हा ती दचकली, कारण उजव्या बाजूनं तो आलेला तिला दिसलाच नव्हता. "ही मोठ्या पुलावरून जाते का हो?" तिनं त्याला विचारलं. "समोर एवढं मोठ्ठं लिहिलंय की," तो म्हणाला. "हो की," ती हसून म्हणाली आणि चढली.

बसायला जागा मिळाली. गाडी सुटली आणि तिला टोचत राहिलं ते पाटी वाचता न येणं नव्हे; ते आपलं 'हो की'. तो सूर तिच्या ओळखीचा होता. ज्यानं वाचलेलं नाही, वाचता येत नाही, आणि तसं कुणाला कळू द्यायचं नाही, अशा माणसाचा 'हो की'. थोडा जास्त मोठा, थोडा जास्त हसरा. लहानपणी तिनं तो पोटभर ऐकला होता. खिडकीबाहेर दुकानं मागं पळत होती, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक फळी आणि प्रत्येक फळी मुकी. औषधांचं दुकान तिला बाटल्यांवरून ओळखू आलं, चपलांचं चपलांवरून. बाकी सगळ्या शहरानं जणू तोंडात गुळणी धरली होती. झोप कमी झाली असेल, ती स्वतःशी म्हणाली. पित्त असेल. कार्यालयात पोचून चहा घेतला की उतरेल. आजच्या दिवशी तरी उतरायलाच हवं होतं, कारण आज बैठक होती.

तिनं सगळी नोकरी ग्रंथालय खात्यातच केली होती. गावोगावच्या लहान वाचनघरांची तपासणी करायची, कुठं छप्पर गळतंय, कुठं पेपर येत नाही, कुठं कपाटाला वाळवी लागलीय ते बघून वर कळवायचं. आता वरच्यांनी ठरवत आणलं होतं की ही वाचनघरं बंद करावीत आणि पुस्तकं तालुक्याला हलवावीत. तिनं विरोधात टिपण लिहिलं होतं. आठ-पंधरा दिवस खपून, एकेक वाक्य घासून. ते आज तिनंच वाचून दाखवायचं होतं.

टेबलाशी बसून तिनं ते टिपण उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं. पानं भरलेली होती, परिच्छेद पडलेले होते, खाली तिची स्वतःची सही होती. ती सही तिला चित्रासारखी ओळखू आली, बाकी सारं परकं. ती उठून बाथरूममध्ये गेली, कडी लावली, पर्समधून पेन आणि बिलाचा कागद काढला, कागद भिंतीला टेकवला आणि लिहिलं. हात सराईतपणे चालला. 'मी ठीक आहे' असं लिहायचं तिनं ठरवलं होतं आणि हातानं ते लिहिलंही असणार, कारण मनगटाला तसं वाटलं. पण कागद डोळ्यांसमोर धरला तर त्यावर काय आहे ते तिला सांगता येईना. स्वतःचं अक्षर. अजून शाई ओली. बाहेर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. तिनं कागदाचा बोळा करून मुठीत धरला आणि विचार केला, कुणाला सांगायचं? आणि सांगायचं म्हणजे कुठल्या तोंडानं?

तिचं लहानपण अक्षरांत गेलं होतं. गावातल्या धान्याच्या एका रिकाम्या कोठारात सरकारनं पुस्तकांची पेटी, फळा आणि कंदील पाठवला होता. अट एकच, संध्याकाळी कुणीतरी मोठ्या माणसांना शिकवायचं. गावच्या शाळेतले बाकीचे मास्तर म्हणाले, दिवसभर पोरं पुरेत. तिची आई त्याच शाळेत शिकवायची; ती म्हणाली, मी शिकवते. वडील आधीच गेलेले होते. घरी ठेवणार कुणाजवळ, म्हणून आई तिलाही घेऊन जायची आणि कोपऱ्यात पोत्यावर बसवायची. दारातून माणसं वाकून आत यायची, कारण दार बुटकं होतं. पण त्या वाकण्यात दाराचा भाग थोडा आणि लाजेचा जास्त. दिवसभर औत धरलेली, गुरं वळलेली, चिखल तुडवलेली माणसं. खडू धरायची तर तो पिचायचा. सरकारी पुस्तकातलं पहिलं वाक्य होतं, 'बदक बघ.' पहाड नावाचा एक नांगऱ्या होता. खरं नाव काही का असेना, अंगलोटामुळं सगळे त्याला पहाडच म्हणायचे. तो पहिल्या आठवड्यातच उभा राहून म्हणाला, "बाई, बदक मी बघितलंय. पुन्हा वाचून काय करू?" सगळं कोठार हसलं. आई हसली नाही. तिनं पुस्तक मिटून पेटीत टाकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. उद्यापासून प्रत्येकानं येताना एकेक शब्द घेऊन यायचा. ज्याला जो लागतो तो." दुसऱ्या दिवशी नांगर आला, विळा आला, रानडुक्कर आलं, आणि एका म्हाताऱ्यानं अगदी गंभीरपणे मूळव्याध आणली. फळ्यावर ते सगळे शब्द आईच्या टपोऱ्या अक्षरात शेजारी शेजारी बसले. मूळव्याधीचा 'ध' कसा काढायचा ते त्या म्हाताऱ्यानं इतक्या मन लावून गिरवलं की ती आपल्या पोत्यावर बसून खुदखुदत राहिली.

पण बरेच जण सही येईपर्यंतच यायचे. स्वतःचं नाव काढता आलं की त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडायचा की आता पुढं काही शिकायला नको. मग दिसेनासे व्हायचे, आणि पुढच्या सुगीला भेटले की नावसुद्धा पुसलं गेलेलं असायचं. म्हणून आईनं कोठारातल्या त्या वाचनघरात पेपर सुरू केला. तो शिळा होऊन यायचा, दुधाच्या गाडीतून, कधी ओला होऊन. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अडला की सगळ्यांनी मिळून ढकलायचं. मोठेपणी शिकलेली अक्षरं हाडात भिनत नाहीत, वापरात नसली की गळून जातात. हे वाक्य तिनं टिपणात घातलं होतं. ते तिला पाठ होतं. बाथरूममधून बाहेर येताना उजव्या दंडाला चौकट सणसणून लागली. चौकट तिथं आहे हेच तिला दिसलं नव्हतं.

बैठकीत ती बोलली, आणि बरी बोलली. कागद पुढ्यात ठेवून, मधूनमधून पानं उलटत. कुठलं पान कुठं उलटायचं ते अंदाजानं. संचालक मान हलवत होते. हिशेबनीस पेनाचं टोपण चावत होता. "मॅडम, हल्ली सगळं फोनवर मिळतं," तो म्हणाला. "फोनवर बघतात, वाचत नाहीत," ती म्हणाली, आणि एकदोघं हसले. तिला वाटलं, निभावलं. मग संचालक म्हणाले, "तुम्ही तो गावकऱ्यांचा अर्ज जोडलाय ना शेवटी? वरच्या मळ्यातल्या वाचनघराचा. तो वाचून दाखवा बरं. त्यांचे शब्द ऐकू देत सगळ्यांना." तिनं शेवटचं पान काढलं. तो अर्ज तिनं मुद्दाम जोडला होता. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या बायाबापड्यांनी मिळून लिहिलेला, ऱ्हस्वदीर्घाची ऐशीतैशी, पण एकेक वाक्य काळजातून आलेलं. तो कसा वाचायचा हे तिनं मनात घोळवून ठेवलं होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. आता कागदावर मुंग्या होत्या. अर्जातली वाक्यं तिनं पाठ केलेली नव्हती; दुसऱ्यांचे शब्द पाठ करायचे असतात हे तिला सुचलंच नव्हतं. खोलीतला पंखा फिरत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली. "मॅडम?" संचालक म्हणाले. "चष्मा विसरलेय," ती म्हणाली. "नाकावर आहे की!" हिशेबनीस म्हणाला. हशा पिकला. तीही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आणि हसता हसता तिला कळलं की आपण पुन्हा त्याच सुरात हसतोय. "द्या इकडं, मी वाचतो," म्हणून हिशेबनीसानंच कागद ओढून घेतला.

आणि त्यानं तो जसा लिहिला होता तसा वाचला. प्रत्येक चुकलेल्या वेलांटीवर ठेच खात, 'विनंती'ला 'वीणती' म्हणत, भुवया उडवत. दुष्टपणानं नव्हे, त्याला ते गमतीचं वाटत होतं एवढंच. आधी एक जण फिसकन हसला, मग दोघं. ज्या बाईनं लिहिलं होतं की वाचनघर नसतं तर माझ्या लेकीचा खुशालीचा कागद मला परक्याकडून ऐकावा लागला असता, त्या बाईच्या ओळीवर हिशेबनीस असा काही अडखळला की संचालकांनीही ओठ दाबले. ती बघत राहिली. हात पुढं करून कागद घेता आला असता. पण घेऊन करणार काय होती? टेबलाखाली तिनं गुडघा घट्ट धरला होता. शेवटी संचालक म्हणाले, "भावना पोचल्या. बघू या." 'बघू या'चा अर्थ खात्यात सगळ्यांना ठाऊक होता.

घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. आई रोजच्यासारखी खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर घडी घातलेला पेपर. आईच्या डोळ्यांच्या पडद्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी दगा दिला होता. आता तिला फक्त उजेड आणि सावल्या कळायच्या. संध्याकाळी लेकीनं पेपर वाचायचा, हा नेम तेव्हापासून. "आज उशीर?" आईनं विचारलं. "बैठक होती." "काय झालं तिचं?" "बघू या म्हणाले." आईनं पेपर तेवढा पुढं केला. सांगावं, असं तिच्या ओठापर्यंत आलं. पण या बाईला? जिनं अख्ख्या गावाला अक्षराला लावलं, तिच्यासमोर, तिच्या पोटच्या लेकीनं म्हणायचं की मला येत नाही? ती समोर बसली, पेपर उघडला, आणि बोलायला लागली.

सोपं होतं ते, सुरुवातीला. हवामान कोरडं राहील. नदीवरच्या पुलाचं काम रखडलं. मंत्र्यांनी आश्वासन दिलं. हे तर रोजच असतं. तिनं एक अपघात घडवला, दोन जखमी केले, कुणाला मारलं नाही. कांद्याचे भाव वाढवले. परीक्षांच्या तारखा पुढं ढकलल्या. आवाज तिनं नेहमीसारखा सपाट ठेवला होता, मधे पान उलटल्याचा आवाजही केला. आई मान किंचित तिरकी करून ऐकत होती, कोंबडी ऐकते तशी. खोलीत उकडत होतं. बोलता बोलता तिला जाणवलं की बातम्या संपत चालल्यात, आणि आईनं मघापासून एकदाही 'हं' केलेलं नाही. "पेपर उलटा धरलायस का?" आईनं एकदम विचारलं. तिनं झटकन खाली बघितलं. आणि क्षणभर, त्या एका भयंकर क्षणात, तिला खरंच कळेना की पेपर सुलटा आहे की उलटा. मग कोपऱ्यातल्या फोटोतल्या माणसाचं डोकं वर दिसलं. "नाही," ती म्हणाली. "चुकलं," आई म्हणाली. "परत वाच."

हेच शब्द तिनं लहानपणी एकदा ऐकले होते. याच आवाजात. ती पोत्यावर नव्हती त्या दिवशी, पाटाच्या कडेला होती, आईचा हात धरून. कालव्याचं पाणी गावाच्या शेतांना पाळीपाळीनं सुटायचं, आणि दारं उघडणारा पाटकरी वर्षानुवर्षं सांगत आला होता की खालच्या शेतांची पाळी रविवारची. रविवारी वरच्यांनी भरून घेतलेलं असायचं, खालच्यांना ओलावाच काय तो मिळायचा. दारापाशी सरकारी पाटी होती. ती तिथं कधीपासूनच होती. झाड असतं तशी; ती वाचून बघावी असं आता कुठं त्यांच्या मनात आलं होतं. त्या शनिवारी खालच्या शेतांची माणसं जमली होती आणि आईला बोलावणं आलं होतं, बाई, तुम्ही वाचा. आई म्हणाली, मी नाही. मी वाचलं तर उद्या म्हणतील बाईनं भरवलं. तुमच्यातलं कुणीतरी वाचा. सगळ्यांनी पहाडकडं बघितलं. पहाड पुढं झाला. पाटकरी चावी बोटाभोवती फिरवत उभा होता. त्याच्यामागं वरच्या शेतांचे लोक होते, आणि कुणाच्याही हातातली काठी उगाच आणलेली वाटत नव्हती. पहाडनं पाटीसमोर उभं राहून एकेक अक्षर उचलायला सुरुवात केली, धोंडे उचलल्यासारखी. त्याची मान मागून तिला दिसत होती. मानेवरून घाम वाहत होता. "खाल-च्या... शे-तां-ना... पाणी..." मग तो थांबला, आणि पुढचा शब्द त्यानं एका दमात, मोकळ्या आवाजात म्हटला: "रविवारी." पाटकरी हसला. "झालं समाधान?" तो म्हणाला. माणसं हलायला लागली. आणि आई, सगळ्यांसमोर, तिथून, म्हणाली, "चुकलं. परत वाच."

पहाडनं वळून बघितलं. एवढा मोठा माणूस, आणि चेहरा मार खाल्लेल्या पोराचा. वरच्या शेतांतून कुणीतरी शीळ घातली. "बाई, जाऊ द्या," कुणीतरी पुटपुटलं. आई जागची हलली नाही. "ऐकलंय ते म्हणू नकोस. लिहिलंय ते वाच." पहाड पुन्हा पाटीकडं वळला. पुन्हा पहिल्यापासून. खाल-च्या. लोक हसायला लागले होते. शे-तां-ना. ती आईच्या हातातून आपला हात सोडवून घ्यायला बघत होती आणि आई सोडत नव्हती. त्या क्षणी तिला आई आवडली नाही. नुसती आवडली नाही असं नव्हे, भीती वाटली तिची. पहाडचं बोट हवेत पाटीच्या अक्षरावर हळूहळू फिरत होतं. "श," तो म्हणाला. पाटात पाणी वाजत होतं. "श-नि... शनि-वारी." मग एकदम गर्रकन वळून, खेकसून: "शनिवारी! आज! आज आहे शनिवार!" पाटकऱ्याची चावी फिरायची थांबली. त्या दिवशी दार उघडलं. पुढं महिन्याभरात कोठाराच्या मालकानं कोठाराला कुलूप घातलं, पेटी तालुक्याला परत गेली आणि आईची बदली झाली. पण तिच्या मनात राहिलं ते पाणीही नव्हे आणि कुलूपही नव्हे. ती मान. आणि आईचा आवाज.

"परत," आई म्हणाली. खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येत होते. तिनं पेपरकडं बघितलं, मग आईच्या न बघणाऱ्या डोळ्यांकडं, आणि तिला वाटलं, इथून उठून निघून जावं. "मला वाचता येत नाही, आई," ती म्हणाली. बोलल्यावर तिला तो आवाज आपला वाटला नाही. आईनं खुर्चीच्या हातावर हात ठेवले. "कधीपासून?" "सकाळपासून. सगळं दिसतंय. फक्त..." "उजव्या बाजूचं दिसतं?" "तुला कसं कळलं?" "मघाशी स्टूल पाडलंस आत येताना. आणि तुझा श्वास. वाचणाऱ्याचा श्वास ओळ संपते तिथं तुटतो. मनचं बोलणाऱ्याचा वाक्य संपलं की तुटतो. धडा पाठ करून पुस्तक धरून बसणारे माझ्याकडं कमी आले का?" आई चाचपडत उठली. "खालच्या टॅक्सीवाल्याला हाक मार." "उद्या जाऊ गं. सकाळपर्यंत कदाचित..." "आत्ता." "आई..." "अगं, उद्या म्हणणाऱ्यांना मी जन्मभर ओळखते," आई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "चप्पल कुठाय माझी?"

इस्पितळात त्यांनी तिचं डोकं एका घुमणाऱ्या यंत्रात घातलं. तरुण डॉक्टरीण होती, बोलायला मऊ. मेंदूच्या मागच्या बाजूला बारीकशी गुठळी अडकलीय, म्हणाली. त्यामुळं दिसतं, बोलता येतं, लिहिताही येतं, पण डोळ्यांनी पाहिलेली अक्षरं अर्थापर्यंत पोचत नाहीत. मधला रस्ता तुटलाय. "सकाळी लगेच आला असतात तर..." ती म्हणाली आणि वाक्य तिथंच सोडलं. ते सोडलेलं वाक्य दिवसभराची बैठक, बाथरूम, हसणं सगळं आपल्यात घेऊन तिथं पडून राहिलं. परत येईल का, तिनं विचारलं. काही येईल. पूर्वीसारखं कदाचित नाही. हळूहळू, एकेक अक्षर.

रात्री ती पलंगावर, आई शेजारच्या लोखंडी खुर्चीत. दोघींनाही झोप नव्हती. मग तिनं विचारलं, इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं, "त्या पाटाच्या दिवशी, पहाडला तू सगळ्यांसमोर का म्हणालीस? कानात सांगता आलं असतं." "कानात सांगितलं असतं तर ते मी वाचलेलं झालं असतं," आई म्हणाली. "त्याचं नसतं झालं." मग थोड्या वेळानं: "आणि मला खात्री नव्हती गं, की तो दुसऱ्यांदा तरी बरोबर वाचेल. नसतं वाचलं तर? लोक काठ्या घेऊन उभे होते. घरी आल्यावर मी मागच्या दारी जाऊन ओकले. तुझा हात मी एवढा घट्ट धरला होता ना, तो तुला धरायला नव्हता. मला धरायला होता." ती छताकडं बघत राहिली. इतकी वर्षं तिनं त्या हाताचा राग जपला होता. आता तो राग एकदम सुटा होऊन हातात आला, आणि त्याचं करायचं काय ते तिला कळेना.

घरी आल्यावर रजेचे दिवस सुरू झाले. उपचार करणारी बाई लहान मुलांना देतात तसली चित्रांची कार्डं द्यायची. ती बघून तिला हुंदका यायचा आणि रागही. खिडकीशी बसून एक दिवस ती आईला सांगायला लागली, हे असं गोल आहे, मग दांडा आहे, वरती मात्रा आहे, हे काय असेल? "तोंडानं काय सांगतेस, बोटानं काढ," म्हणून आईनं आपला तळहात पुढं केला. सुरकुतलेला, कोरडा, खडूनं कधीकाळी भेगाळलेला तो हात. तिनं समोरच्या अक्षराची वळणं बघत बघत त्यावर बोट फिरवलं. आणि आईनं ओळखायच्या आधीच तिचं बोट तिला म्हणालं, 'मे'. डोळ्यांना कळत नव्हतं ते मनगटाला कळत होतं. त्या दिवसापासून दोघी रोज बसायला लागल्या. एकीला दिसत होतं पण कळत नव्हतं, दुसरीला कळत होतं पण दिसत नव्हतं. एक शब्द म्हणजे खाट अंगणातून घरात नेण्याएवढं काम. दोघींची दमछाक व्हायची, भांडणं व्हायची. "रेघ ओढ नीट, गुदगुल्या करतेयस!" आई खेकसायची. घामाघूम होऊन कधी ती पेपर भिरकावून द्यायची. मग आई नुसतीच तळहात पसरून बसायची, आणि थोड्या वेळानं ती पेपर उचलून आणायची.

एका दुपारी कार्यालयातली टंकलेखिका फोनवर म्हणाली, "अगं, आपल्या खात्याचं आलंय पेपरात आज. तिसऱ्या पानावर, खाली चौकटीत. त्यांनी..." "सांगू नकोस," ती म्हणाली. "मी वाचते." आपण काय बोलून गेलो ते फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. आई खुर्चीत ताठ झाली होती. तिनं आईला काही सांगायची गरज नव्हती.

चौकट तिला चौकट म्हणून सापडली. मथळ्यावर तिनं पुठ्ठ्याची पट्टी ठेवली आणि एकेक अक्षर उघडत गेली. ल. हा. न. पहिल्या शब्दालाच दोघींना घाम फुटला. वा-च-न-घ-रे, हा शब्द आईच्या तळहातावर निम्मा झाला तेव्हाच आई तो म्हणाली, आणि ती म्हणाली, "थांब, पुरता काढू दे." मग 'अ'. 'खे'. 'र'. अखेर. तिचं बोट थांबलं. अखेर काय? सगळं काय ते पुढच्या एका शब्दात होतं. आपल्या भाषेची ही खोडच, काय झालं ते ओळीच्या अगदी टोकाला सांगायचं; तोवर माणसानं जीव मुठीत धरायचा. "काढ," आई म्हणाली. तिनं पट्टी सरकवली. एक पोट, त्याच्या उजवीकडं दांडा. तिनं आधी पोट काढलं, मग दांडा ओढला, वरती रेघ. "व," आई म्हणाली. आणि मग एकदम, श्वास न घेता, लहान मुलीच्या घाईनं: "वाचली! वाचनघरे अखेर वाचली. तेच असणार. वाचली ना?"

तिनं पुन्हा बघितलं. पोटात एक तिरकी रेघ होती. बारीक, छपाईत जराशी पुसट. आणि दांड्याच्या डोक्यावर एक टिंब. आईचा चेहरा तिच्याकडं वळलेला होता, न दिसणारे डोळे उघडे, ओठ किंचित विलग. ती रेघ काढली नाही तर? आज एवढी एक काढली नाही तर? कुणाला कळणार होतं? उद्या नाहीतर परवा कळलं असतं. पण आजची संध्याकाळ सुटली असती. तिच्या डोळ्यांपुढं हिशेबनीस हसत होता, पंखा फिरत होता, वरच्या मळ्यातल्या बाईचा कागद दुसऱ्याच्या हातात होता. आईचा तळहात तसाच पसरलेला. वाट बघत.

तिनं बोट टेकवलं आणि ती तिरकी रेघ ओढली. मग वर टिंब दिलं. शेवटचा 'द' काढायची गरजच पडली नाही. आईच्या तळहातानं तिचं बोट मिटून घेतलं, घट्ट, हाडं दुखतील इतकं घट्ट, आणि आईनं तोंड खिडकीकडं वळवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. मग मूठ हळूहळू उलगडली. आईनं तळहात गुडघ्यावर पुन्हा सपाट केला, दुसऱ्या हातानं एकदा पुसून घेतला, फळा पुसावा तसा.

"खाली आणखी लिहिलं असेल," आई म्हणाली. "पुस्तकं कुठं नेणार ते. पुढची ओळ काढ."